रस्ता खोदलाय, सिग्नल लाल आहे आणि गिऱ्हाईक वाट बघतंय: अशा वेळी धंद्याचं गणित कसं मांडायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत हा विषय मी जरा घाईत उरकला. कॅमेऱ्यासमोर आकडे सांगताना माझीच गाडी अडकते. म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आज थोडी आकडेमोड आहे. अवघड नाही, पाचवीतल्या गुणाकार-भागाकाराएवढीच आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

स्लॅबचा दिवस

माझं हार्डवेअरचं दुकान साजगावच्या बाजूला आहे. बाबांनी सुरू केलं, मी बीबीए करून त्यात उतरलो. पाइप, फिटिंग, वायर, रंग असा माल. दुकानात येणारं गिऱ्हाईक आहेच, पण खरा धंदा साइटवर माल पोचवण्याचा. एक टेम्पो, एक ड्रायव्हर (आम्ही त्यांना मामा म्हणतो) आणि एक पोरगा.

एका वर्षी पावसाळा संपला आणि आमच्या रस्त्याचं काँक्रीटीकरण निघालं. अर्धा रस्ता बंद, अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूची वाहतूक. दोन टोकांना आधी झेंडेवाले होते, मग तात्पुरते सिग्नल आले. सकाळ असो, रात्र असो, सिग्नलची वेळ एकच.

आमच्या एका जुन्या मिस्त्रींचा त्या आठवड्यात स्लॅब होता. स्लॅब भरायच्या आधी सळईच्या जाळीत वायरिंगचे पाइप आणि फॅन बॉक्स टाकावे लागतात. ते नसतील तर काँक्रीट ओतता येत नाही. मी फोनवर बिनधास्त सांगितलं, "दहाला माल तुमच्या दारात."

टेम्पो पोचला अकरा वीसला. तोपर्यंत मिक्सर उभा, माणसं बसलेली, घरमालक घड्याळ बघतोय. मी माफी मागितली, ट्रॅफिकचं सांगितलं, रस्त्याचं काम करणाऱ्यांना दोन शिव्याही घातल्या. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "शेठ, उशीर झाला त्याचा राग नाही. रस्ता खोदलाय ते मलापण दिसतंय. पण तुम्ही दहा म्हणालात, म्हणून मी माणसं साडेनऊला बोलावली."

पुढच्या साइटचा माल त्यांनी दुसरीकडून घेतला.

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. रस्ता माझ्या हातात नव्हता. "दहा" हा शब्द मात्र माझ्या हातात होता. आजच्या सगळ्या लेखाचं सार एवढंच आहे: ट्रॅफिक तुमचा वेळ खातं, पण गिऱ्हाईक तोडतं ते तुम्ही न मोजता दिलेलं वचन.

आधी समजून घ्या: एवढी रांग लागते का?

आपल्याकडे रांग लागली की आपण म्हणतो, गाड्याच फार झाल्या. ते खरं आहे, पण अर्धंच.

आपला भाग आधीच नाक्याचा. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली. जुना मुंबई-पुणे हायवे इथून जातो. कर्जत, पेण आणि पालीकडचे रस्ते इथेच येऊन मिळतात. शेजारून ९४.५ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे जातो. घाटात एखादा कंटेनर आडवा झाला किंवा ब्लॉक घेतला की तिकडच्या गाड्या जुन्या हायवेवर उतरतात आणि त्याचा धक्का आपल्या गावापर्यंत येतो. त्यात कारखान्यांच्या शिफ्ट सुटायची वेळ, शाळेच्या गाड्या आणि शनिवार-रविवारचे पर्यटक. अशा रस्त्याचा अर्धा भाग बंद झाला की काय होतं, ते आता आकड्यात बघू.

समजा, बंद तुकडा ३०० मीटरचा आहे आणि त्या अरुंद पट्ट्यातून गाड्या ताशी २० किलोमीटरने जातात. म्हणजे ३०० मीटर पार करायला ५४ सेकंद लागतात. एका बाजूचा सिग्नल लाल झाला तरी शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत समोरच्यांना सोडता येत नाही. म्हणजे ५४ सेकंद दोन्ही बाजू थांबलेल्या. परत दुसऱ्या बाजूची पाळी संपली की आणखी ५४. एका फेरीत १०८ सेकंद नव्याने कुणालाच सोडता येत नाही.

आता प्रत्येक बाजूला ६० सेकंद हिरवा दिवा दिला, तर:

- पूर्ण फेरी: ६० + ५४ + ६० + ५४ = २२८ सेकंद
- दोन सेकंदाला एक गाडी सुटते असं धरलं, तर एका हिरव्यात ३० गाड्या
- तासात साधारण १६ फेऱ्या, म्हणजे एका बाजूने सुमारे ४७० गाड्या

गर्दीच्या वेळी त्या बाजूने तासाला ६०० गाड्या येत असतील, तर दर तासाला १३० गाड्या रांगेत मागे राहणार. दोन तासांत २६०. मग गर्दी ओसरली तरी ती रांग संपायला आणखी वेळ लागतो. दुपारी बारा वाजता आपण म्हणतो, "आत्ता तर एवढ्या गाड्याही नाहीत, मग रांग कसली?" ती सकाळची उधारी असते. दुपारी फिटते.

यात एक तिढा आहे. दोन सेकंदाला एक हा हिशोब मोटारींचा. भरलेला डंपर चढावर सुटायला किती वेळ घेतो ते आपण रोज बघतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या हिशोबात एक ट्रक किंवा बस तीन मोटारींएवढी धरतात आणि दुचाकी अर्ध्या मोटारीएवढी. म्हणजे रांगेत पुढे तीन डंपर असतील तर नऊ गाड्यांची जागा गेली.

सिग्नलची वेळ वाढवली की प्रश्न सुटतो का?

हा प्रश्न मला व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारला गेला. हिरवा दिवा ६० ऐवजी १२० सेकंद केला तर?

फेरी होते ३४८ सेकंदांची आणि एका हिरव्यात ६० गाड्या सुटतात. तासाला सुमारे ६२०. म्हणजे ६०० गाड्यांची गर्दी निभावते. वाढणारी रांग थांबते. छान.

पण लाल किती वेळ? ५४ + १२० + ५४ = २२८ सेकंद, म्हणजे जवळजवळ चार मिनिटं. चार मिनिटं समोर रिकामा रस्ता दिसत असताना आपल्याकडे कोण थांबतं? दुचाकीवाले घुसतात, मागून रिक्षा घुसते, मध्ये समोरून बस येते आणि मग कुणीच मागे सरत नाही. एका घुसलेल्या गाडीने दहा मिनिटं जातात. त्यात मागे ॲम्ब्युलन्स असेल तर विचारूच नका.

आता दुसरा उपाय बघा. सिग्नल ६० सेकंदच ठेवा, पण बंद तुकडा ३०० ऐवजी १५० मीटरचा करा. पार करायला २७ सेकंद. पूर्ण फेरी १७४ सेकंद. तासाला पुन्हा सुमारे ६२० गाड्या, आणि लाल फक्त ११४ सेकंद!

बघितलंत? गाड्या तेवढ्याच सुटल्या आणि थांबणं निम्मं झालं. सिग्नलच्या वेळेइतकाच, किंबहुना जास्तच, एका वेळी किती लांबीचा रस्ता खोदलाय याचा परिणाम होतो. हे कळल्यावर मी "सिग्नल नीट लावा" एवढंच ओरडणं सोडलं.

बरं, कंत्राटदाराची बाजूही समजून घ्या. काँक्रीट ओतल्यावर लगेच त्यावरून गाडी नेता येत नाही. त्याची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात. म्हणून कुणी काम करताना दिसत नाही तरी रस्ता बंद असतो. तुकडे लहान केले तर त्यांचे सांधे वाढतात, मशीन पुन्हापुन्हा हलवावी लागते. फुकट काहीच नसतं. पण चर्चा या मुद्द्यावर झाली तर निदान कामाची होते.

उशिराचा खरा खर्च

आता आपल्या गल्ल्याकडे येऊ. आकडे गोल करून सांगतो, पद्धत महत्त्वाची.

काम निघण्याआधी आमच्या टेम्पोची एक फेरी ९० मिनिटांची: ४५ मिनिटं माल चढवणं-उतरवणं, ४५ मिनिटं जाऊन-येऊन. नऊ तासांत ६ फेऱ्या. काम निघाल्यावर एका फेरीत ४५ मिनिटं वाढली. फेरी १३५ मिनिटांची, दिवसाला ४ फेऱ्या.

म्हणजे काम एक तृतीयांश कमी झालं. मग कमाईही एक तृतीयांशच कमी होणार ना? नाही!

एका फेरीत डिझेल वजा जाता ७०० रुपये सुटतात असं धरा. टेम्पोचा हप्ता, मामांचा पगार, पोराची मजुरी मिळून दिवसाचा ठरलेला खर्च १८०० रुपये.

- आधी: ६ × ७०० = ४२००, वजा १८०० = २४०० रुपये
- आता: ४ × ७०० = २८००, वजा १८०० = १००० रुपये

फेऱ्या एक तृतीयांश घटल्या, पण हातात उरणारा पैसा निम्म्याहून जास्त घटला. कारण हप्ता आणि पगार ट्रॅफिकमध्ये अडकत नाहीत, ते वेळेवर येतात. कॉलेजात आम्हाला हेच स्थिर खर्च आणि बदलता खर्च म्हणून शिकवलं होतं. परीक्षेत मार्क मिळाले होते, अर्थ मात्र रस्त्यावर कळला.

त्या महिन्यात मी टेम्पो विकायचं ठरवलं होतं. मामांना सांगायचं कसं, एवढंच उरलं होतं.

वहीने वाचवलं

सांगायच्या आधी एक काम केलं. मामांना एक छोटी वही दिली. दुकानातून निघाल्याची वेळ, रांगेत शिरल्याची वेळ, पलीकडे निघाल्याची वेळ. बस, एवढंच लिहायचं.

सकाळी दहाच्या फेरीचे बारा दिवसांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, रांगेत गेलेली मिनिटं:

१४, १५, १६, १८, १९, २०, २२, २४, २७, ३१, ४६, ५८

सरासरी आली जवळजवळ २६ मिनिटं. इथेच बहुतेक जण फसतात. २६ मिनिटं धरून वेळ सांगितली, तर १२ पैकी ४ दिवस उशीर होणार. दर तिसरं गिऱ्हाईक नाराज! ४६ मिनिटं धरली तर १२ पैकी एकच दिवस चुकतो.

म्हणून नियम असा: स्वतःचा खर्च काढायला सरासरी वापरा. गिऱ्हाइकाला वेळ सांगताना वाईट दिवसाचा आकडा वापरा. लवकर पोचलात म्हणून कुणी तक्रार करत नाही.

वहीतून दुसरी गोष्ट दिसली. दहाच्या फेरीला एवढा त्रास, पण एका दिवशी मामा काही कामाने सकाळी सातला निघाले होते तेव्हा रांगेत फक्त सहा मिनिटं गेली. मी विचारलं तर म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगतोय, सातला निघू या. पण दुकान नऊला उघडतं ना तुमचं!"

खरं होतं. मी त्यांचं ऐकलं नव्हतं. रोज रस्त्यावर असणाऱ्या माणसाला विचारलंच नव्हतं.

मग आम्ही चार बदल केले:

१. वेळ बदलली. मोठ्या साइटचा माल आदल्या संध्याकाळी टेम्पोत भरायचा आणि सकाळी सातला निघायचं. मामा दुपारी लवकर मोकळे होऊ लागले, तेही खूश.

२. दिशा बांधली. कामाच्या पलीकडची गिऱ्हाइकं एका दिवशी, अलीकडची दुसऱ्या दिवशी. एकच अडथळा दिवसातून आठ वेळा ओलांडण्यात काय अर्थ?

३. तातडीच्या मालाचं छोटं पार्सल. चार बेंड आणि एक टेप लागली म्हणून टेम्पो काढायचा नाही. पोरगा दुचाकीवर देऊन येतो. त्याचे पैसे आधी सांगून घ्यायचे.

४. "दहाला" हा शब्द बंद. आता आम्ही सांगतो, "साडेनऊ ते साडेदहा. उशीर होतोय असं वाटलं तर आम्हीच फोन करू, तुम्हाला करावा लागणार नाही." हा फोन रांगेत अडकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत करायचा.

फोन करायच्या आधी किती वेळ लागेल याचा अंदाज कसा घ्यायचा? सोपं आहे. पुढच्या गाड्या मोजा. एका हिरव्यात किती सुटतात ते बघा. पुढे ९० गाड्या असतील आणि एका वेळी ३० सुटत असतील तर तीन फेऱ्या. फेरी २२८ सेकंदांची असेल तर साधारण साडेअकरा मिनिटं. मामा आता हे तोंडी करतात.

टेम्पो विकला नाही. सहा फेऱ्या परत आल्या नाहीत, पाचावर गाडी थांबली. पण पाच फेऱ्यांत आमचं भागत होतं.

बाबांना हे आधीच माहीत होतं

एक दिवस मी बाबांना मोठ्या अभिमानाने ही वही दाखवली. ते हसले. म्हणाले, "यात्रेला आम्ही काय करायचो, विसरलास?"

आमच्या साजगावची यात्रा रायगडात सगळ्यांना माहीत आहे. ताकई-साजगावचा विठोबा, धाकटी पंढरी. कार्तिकी एकादशीला यात्रा भरते आणि पुढे बरेच दिवस बाजार चालतो. सुक्या मासळीच्या बाजारामुळे लोक त्याला प्रेमाने बोंबल्या विठोबा म्हणतात. तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी इथे येत, अशी आख्यायिकाही सांगतात. व्यापार, वाट आणि देव, तिन्ही एका जागी!

यात्रेच्या दिवसांत रस्ता तुंबणार हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून बाबा एकादशीच्या आठ दिवस आधीच माल भरून ठेवायचे. मोठ्या गिऱ्हाइकांना निरोप द्यायचे, "लागेल ते आत्ता उचला, यात्रेत टेम्पो निघणार नाही." कुणी रागवायचं नाही. कारण आधी सांगितलेलं असायचं.

यात्रा तारखेने येते, म्हणून आपण तयारी करतो. रस्त्याचं काम न सांगता येतं असं आपल्याला वाटतं. पण तेही बहुतेक वेळा सांगून येतं, आपणच बघत नाही. खांब सरकवायला लागतात, कडेला रंगाच्या खुणा होतात, खडी येऊन पडते, ग्रामपंचायतीत चर्चा होते. आणि आपल्या कोकणपट्टीत अशी कामं पावसाळा उलटल्यावर जोर धरतात, म्हणजे नेमकी दिवाळी आणि यात्रेच्या तोंडावर. कॅलेंडरवर हे आत्ताच लिहून ठेवा.

आणखी एक. फलकावरच्या तारखेवर घर बांधू नका. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा आठवा. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटून गेलं तरी लोक खड्डे आणि वळणरस्ते मोजत राहिले. त्या रस्त्यावर "सहा महिन्यांत होईल" असं धरून ज्याने कर्ज काढलं असेल, त्याचं काय झालं असेल? काम सहा महिन्यांचं सांगितलं असेल तर तुम्ही वर्षाची तयारी ठेवा.

तक्रार करा, पण हिशोब घेऊन करा

सुरुवातीला मीही रील टाकली होती. रांगेचा व्हिडिओ, वर रागाचं गाणं. लाइक भरपूर मिळाले. रस्ता तसाच राहिला.

नंतर आम्ही सात-आठ दुकानदार मिळून गेलो. हातात वहीतल्या आकड्यांचा एक कागद. मागण्या तीनच: गर्दीच्या वेळी सिग्नलची वेगळी वेळ, एका वेळी खोदायची लांबी कमी, आणि प्रत्येक दुकानासमोर चालत येण्यापुरती फळी किंवा भराव. साहेबांनी कागद दोनदा वाचला. फळ्या दोन दिवसांत आल्या. सकाळ-संध्याकाळची वेगळी वेळ पंधरा दिवसांनी लागली. लांबी पुढच्या तुकड्यापासून कमी झाली, आमच्या समोरच्या तुकड्याला त्याचा उपयोग झाला नाही. असो, पुढच्या दुकानांना झाला.

तुम्हाला जायचं असेल तर हे लक्षात ठेवा:

- रस्ता कुणाचा ते आधी शोधा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग, प्रत्येकाचं कार्यालय वेगळं. चुकीच्या दारात महिना जातो.
- कामाच्या फलकाचा फोटो काढा. त्यावर मुदत, कंत्राटदार आणि विभागाचं नाव असेल तर निम्मं काम झालं.
- माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. २००५ चा कायदा, १० रुपये शुल्क, साधारणपणे ३० दिवसांत उत्तर. प्रश्न नेमके विचारा: मुदत किती, मुदतवाढ मिळाली का, वाहतूक नियोजनाची प्रत द्या.
- वाहतूक वळवण्याच्या आदेशांवर लक्ष ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार वाहनांवर बंदी किंवा निर्बंध घालता येतात. बंदी महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापणं गरजेचं नसतं, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. म्हणून गावचा सूचना फलक आणि स्थानिक पेपर रोज बघा.
- ग्रामसभेत बोला. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. तिथे नोंदलेला मुद्दा व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या शंभर मेसेजपेक्षा वजनदार.

नवीन दुकान घेताय? मग हे आधी तपासा

चॅनेल बघणाऱ्यांपैकी बरेच जण अजून जागा शोधतायत. त्यांच्यासाठी हा भाग.

"रस्त्यावर ट्रॅफिक जाम असतो, म्हणजे धंदा चालणारच" असं एजंट सांगतो. फसू नका. रांगेतला माणूस तुमच्या दारात असतो, पण त्याचं लक्ष पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे असतं. पाण्याची बाटली, शेंगदाणे, काकडी विकणाऱ्याचा धंदा रांगेत होतो. ज्या मालाला उतरून, बघून, ठरवून घ्यावं लागतं, त्याला रांगेचा तोटाच. गाडी लावायला जागा आहे का, ते बघा.

मग हे चार प्रश्न विचारा. पुढच्या दोन वर्षांत या रस्त्याचं काम ठरलंय का? काँक्रीट झाल्यावर रस्त्याची उंची वाढली तर दुकानाचा ओटा खाली जाईल का आणि पावसाचं पाणी कुठे जाईल? मध्ये दुभाजक आला तर समोरच्या बाजूचं गिऱ्हाईक वळून कुठून येईल? आणि गटाराचं काम कुठल्या बाजूने आहे? भाडेकरार करताना मालकाशी बोलून ठेवा की दुकानासमोरचा रस्ता पूर्ण बंद राहिला तर त्या काळात भाडं कमी होईल. एक ओळ करारात असली की पुढची भांडणं टळतात.

शेवटचं म्हणजे, फक्त रस्त्याच्या जिवावर धंदा उभा करू नका. आपल्या खोपोलीचंच बघा. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, तेव्हा पुढे घाट चढायला रेल्वे नव्हती. पुण्याला जाणाऱ्यांना इथे उतरावंच लागे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुण्याची गाडी कर्जतवरून थेट वर जाऊ लागली. सात वर्षांत नाका बदलला. आताही खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या मिसिंग लिंकसारख्या कामांनी घाटातल्या वाहतुकीची वाट बदलते. रस्ता गिऱ्हाईक आणतो आणि तोच रस्ता ते दुसरीकडे नेतो. तुमच्याकडे त्याचा फोन नंबर आणि त्याचा विश्वास असेल, तर ते वाकडी वाट करूनही येतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. बारा दिवस रोज एकाच फेरीची वेळ लिहा. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. सरासरी काढा, मग शेवटून दुसरा आकडा बघा. गिऱ्हाइकाला सांगायची वेळ त्या दुसऱ्या आकड्यावरून ठरवा. आणि तुमच्या ड्रायव्हरला एक प्रश्न विचारा: "तुमचं म्हणणं काय, कधी निघू या?"

मिस्त्रींचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. चार महिन्यांनी एका संध्याकाळी ते दुकानात आले. म्हणाले, "परवा स्लॅब आहे. माल कधी येईल?"

मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी."

"परवा सकाळी चालेल की."

"नको. उद्याच उतरवून ठेवतो. तुम्ही परवा माणसं खुशाल साडेसातला बोलवा."

ते काही बोलले नाहीत. खिशातून यादी काढून काउंटरवर ठेवली. रस्त्याचं काम तेव्हाही सुरूच होतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत सांभाळून चालवा आणि सिग्नलला थांबा, बरं का!